वाचकांचे प्रश्न : रशियन संगीतकारांच्या मुलांसाठीच्या पियानोरचना

मुलांच्या पियानोशिक्षणावरच्या मागच्या लेखात रशियन संगीतकारांनी खास मुलांसाठी लिहिलेल्या रचनांचा उल्लेख होता. त्यावर विदर्भातल्या तालुक्या-गावांतून बरीच पत्रं आली. बहुतेकांच्या घरी पियानो नाही, 61 पट्ट्यांचा कीबोर्ड आहे. शिकवणारे पेटीवाले किंवा स्वतः पालकच आहेत. उत्तरं हेच धरून लिहिली आहेत.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा आहे. गावातल्या भजनी मंडळाच्या पेटीमास्तरांकडे तीन वर्षं शिकला. आता कीबोर्ड घेतलाय. चायकोव्हस्कीच्या ‘मुलांच्या अल्बम’पासून सुरुवात केली तर चालेल का? – एक पालक, आर्वी (जि. वर्धा)

उत्तर : चायकोव्हस्कीपासून सुरुवात करू नका. हा अल्बम 1878 चा, ओपस 39 (ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनांचा अनुक्रमांक), चोवीस रचनांचा. कामेन्का इथे बहिणीच्या घरी मुलांच्या गोतावळ्यात राहताना चायकोव्हस्कीने तो लिहायला घेतला आणि सहा वर्षांच्या भाच्याला, वोलोद्या दाविदोवला, अर्पण केला. जर्मन संगीतकार शूमानच्या 1848 च्या मुलांसाठीच्या अल्बमचा आदर्श त्याच्यासमोर होता. मुखपृष्ठावर ‘सोप्या रचना’ असं असलं तरी पहिलीच रचना, ‘सकाळची प्रार्थना’, बघा. एकेका हातात दोन-दोन सूर, चारही आवाज वेगवेगळे ऐकू यायला हवेत आणि तेही संथ लयीत. नवशिक्या मुलाची बोटं इथे आखडतात. रशियातल्या संगीतशाळेतसुद्धा यातल्या रचना साधारण दुसऱ्या ते चौथ्या वर्षात येतात.

तीन वर्षांच्या पेटीचा मोठा फायदा तुमच्या मुलाला आहे. कान तयार आहे, चाल लक्षात राहते, लय अंगात आहे. अडचण हाताची येईल. पेटीवर डावा हात भात्यावर असतो, त्यामुळे डाव्या हाताची बोटं कोरीच राहिली असतील. दुसरं, पेटीचा सूर हवेने टिकतो आणि लहानमोठाही हवेनेच होतो. पियानोचा सूर पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर लहानमोठा होतो आणि वाजल्या क्षणापासून विरत जातो. पेटीवाल्या मुलाला हे ठाऊक नसल्यामुळे तो सगळे सूर एकाच जोराने, सपाट बोटांनी दाबतो. तिसरं म्हणजे बैठक. कीबोर्ड जमिनीवर किंवा पलंगावर ठेवून मांडी घालून बसू नये. मनगट खाली लोंबतं आणि करंगळी निकामी होते. पट्ट्यांचा वरचा पृष्ठभाग जमिनीपासून 72 सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. खुर्ची अशी हवी की कोपर पट्ट्यांच्या उंचीला येईल. पाय लोंबत असतील तर खाली पाट द्या.

पहिले दीड-दोन महिने एवढंच करा. कीबोर्डवरचा ‘टच’, म्हणजे बोटाच्या जोराप्रमाणे सूर लहानमोठा करणारी सोय, चालू ठेवा. त्याला येणारी एखादी साधी अभंगाची चाल एकट्या डाव्या हाताने वाजवायला लावा. सारेगमपला डाव्या हाताची बोटं करंगळीपासून, म्हणजे 5-4-3-2-1. मग तीच चाल दोनदा, एकदा मोठ्याने, एकदा अगदी हळू, आवाजाच्या बटणाला हात न लावता.

त्यानंतर गेदिके. मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत शिकवणाऱ्या या माणसाने नवशिक्यांसाठी साठ सोप्या रचना (ओपस 36) लिहिल्या. दोन्ही हातांना सारखं काम, ओळी छोट्या, आकार स्वच्छ. सोबत काबालेव्हस्कीच्या चोवीस छोट्या रचना (ओपस 39, 1944) घ्या; पहिल्या काही तर जेमतेम दोन-तीन ओळींच्या आहेत. पुढे माइकापारच्या ‘बिर्युल्की’ या सव्वीस छोट्या रचना (ओपस 28). आमच्या मते मुलांच्या हाताची समज माइकापारइतकी कुणालाच नव्हती. प्रत्येक रचनेत हाताचं एकच काम असतं आणि त्याला साजेसं एकच चित्र, कुठे फुलपाखरू, कुठे धनगराचा पोरगा. या तिन्हींतल्या मिळून वीसेक रचना नीट बसल्या की चायकोव्हस्कीमधली ‘जुनं फ्रेंच गाणं’ घ्या, मग ‘लाकडी शिपायांचा मार्च’. शोस्ताकोविचची मुलीसाठी लिहिलेली ‘मुलांची वही’ (ओपस 69, 1944-45) त्याच्या जोडीला चालते. प्रोकोफिएव्हचं ‘मुलांसाठी संगीत’ (ओपस 65, 1935) मात्र सगळ्यात शेवटी. त्यातल्या बारा रचना ऐकायला बाळबोध, पण हात दूर दूर उड्या मारतात आणि सूर अनपेक्षित जागी वळतात.

दिवसाला दहा-दहा मिनिटांच्या दोन बैठका पुरेत. उन्हाळ्यात दोन्ही सकाळीच उरकाव्यात.

प्रश्न : स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचणं मुलांना जड जातं. या रचना सारेगममध्ये लिहून दिल्या तर? – संगीतशिक्षिका, चिखली (जि. बुलडाणा)

उत्तर : कानासाठी द्या, वाचण्यासाठी देऊ नका. आपला सा हलतो, काळी एकवर किंवा पांढरी चारवर नेता येतो. या रचना मात्र ठरावीक पट्ट्यांवरच बसवलेल्या आहेत. कुठलं बोट काळ्यावर जाईल, अंगठा कुठे वळेल, हे संगीतकाराने सूर ठरवतानाच पाहिलेलं असतं. ‘जुनं फ्रेंच गाणं’ पांढरी पाचला सा धरून आहे, गंधार-धैवत कोमल. तेच पांढरी एकवरून वाजवलं तर चाल तीच राहील, पण बोटांचा धडा बदलेल.

त्यामुळे ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर वर-खाली सरकवणारी सोय, कायम शून्यावर ठेवा. पेटीची सवय असलेली मुलं काळ्या पट्ट्या टाळायला ते बटण पटकन वापरतात. मग लिहिलेलं एक आणि ऐकू येणारं दुसरं असा घोळ होतो आणि वाचन कधीच पक्कं होत नाही.

सारेगमचा खरा उपयोग समज देताना होतो. काबालेव्हस्कीच्या ‘विदूषक’ (ओपस 39, क्रमांक 20) मध्ये पांढरी सहाला सा आहे आणि कोमल गंधार आणि शुद्ध गंधार सतत एकमेकांची जागा घेतात. मुलांकडून आधी गाऊन घ्या : सा रे ग॒, सा रे ग. दोन्ही गंधार गळ्यातून वेगळे निघाले की बोटं चुकत नाहीत. तालाचंही तसंच. वॉल्ट्झ (तीन मात्रांच्या नाचाची चाल) शिकवताना दादऱ्याच्या सहा मात्रांत दोन बार, म्हणजे नोटेशनमधले उभ्या रेषांमधले दोन खण, बसवून दाखवा, पण लगेच सांगा की इथे चौथ्या मात्रेला खाली नाही. प्रत्येक बारची पहिली मात्रा वजनदारच असते.

प्रश्न : मी झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवतो. मुलगी अकरा वर्षांची, माझं पाहून उजव्या हाताने चाल आणि डाव्याने कॉर्ड (एकदम वाजणारे तीन-चार सूर) धरते. गाणी छान वाजवते. पण काबालेव्हस्कीचं पान पुढे ठेवलं की डावा हात बसतच नाही. – वडसा (जि. गडचिरोली)

उत्तर : नाटकाच्या साथीत डाव्या हाताने भराव द्यायचा असतो आणि ते काम ती नीट करते. या रचनांत डावा हात दुसरा गायक आहे. तिच्या डाव्या हाताची तीन बोटं एकदम खाली जायला शिकली आहेत, एकेक स्वतंत्र नाही. अडचण तिथे आहे, वाचनात नाही.

सगळ्यात आधी कीबोर्डवरची स्टाइल आणि ऑटो कॉर्ड (आपोआप वाजणारी साथ) बंद करा, कीबोर्डचे दोन भाग करणारा स्प्लिटही काढा, सबंध कीबोर्डला एकच पियानोचा आवाज द्या. स्प्लिट राहिला तर डाव्या बाजूचे सूर वेगळ्याच आवाजात किंवा वेगळ्याच सप्तकात वाजतात आणि मुलीला वाटतं आपलंच चुकलं.

मग गेदिकेच्या साठांपैकी अशा रचना निवडा जिथे उजव्या हाताने म्हटलेली ओळ डावा हात मागून उचलतो. बसवण्याची रीत अशी. पहिल्या दिवशी फक्त डावा हात, तोही गाऊन : बोट पट्टीवर जाईल तेव्हा तोंडाने तोच सूर. दुसऱ्या दिवशी डावा हात तिने वाजवायचा आणि उजव्याची ओळ तुम्ही. तिसऱ्या दिवशी उलट. चौथ्या दिवशी दोन्ही हात तिचे, पण दोन बारांपुरतेच आणि उजवा हात मुद्दाम हळू. डावा हात उजव्यापेक्षा मोठा ऐकू यायला हवा. याच पायरीला मुलं रडकुंडीला येतात. तिथे दोन दिवस जास्त थांबा, पण पुढचे बार उघडू नका. चार बार असे झाले की उरलेली रचना आश्चर्य वाटावं इतकी लवकर बसते.

डावा हात मोकळा झाल्यावर, वर्षभराने, काबालेव्हस्कीच्याच ओपस 27 मधली ‘तोकातिना’ द्या. त्यात उजवा हात तुटक कॉर्ड वाजवतो आणि चाल डाव्याकडे आहे, म्हणजे आज ती करते त्याच्या नेमकं उलट. कॉर्डची सवय तिला असल्यामुळे उजवा हात पटकन येईल. कॉर्ड मनगटातून उडवायचे. कोपरातून उडवले तर अर्ध्या पानावर दंड दुखायला लागतो.

तुमच्याकडून एक गोष्ट तिने जरूर घ्यावी. नाटकातला वादक समोरचा नट थांबला तर थांबतो, धावला तर धावतो. ते ऐकत वाजवणं पुस्तकातून मिळत नाही.

प्रश्न : ‘जुनं फ्रेंच गाणं’ मुलीला पाठ झालं आहे, पण कंटाळवाणं वाजतं. सूर चुकत नाहीत. मग काय कमी आहे? – दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : बहुतेक दोन गोष्टी कमी असतील : डाव्या हातातला धरलेला सूर आणि ओळीचा श्वास.

ही मूळची जुनी फ्रेंच चाल. चायकोव्हस्कीने ती पुढे ‘ऑर्लेआंची कुमारी’ या ऑपेरात गायकवृंदालाही दिली. म्हणजे त्याच्या कानात ती गाण्याचीच चाल होती आणि तशीच वाजली पाहिजे. रचना 32 बारांची : पहिले 16, मधले 8, शेवटचे 8. पहिल्या भागात डाव्या हाताचा खालचा सा तंबोऱ्यासारखा धरून ठेवायचा आहे आणि त्याच हाताची वरची बोटं हलती ओळ वाजवतात. मुलं करंगळी नकळत उचलतात. कीबोर्डवर तो सूर ताबडतोब तुटतो आणि खालचा आधार गेल्यामुळे वरची चाल कोरडी वाटते. पेडल (पायाने दाबायचा, सूर लांबवणारा) दाबून हे झाकू नका. पेडलमुळे हलती ओळही एकमेकींत मिसळते.

आठवड्याचं काम असं ठेवा. पहिले दोन दिवस फक्त डावा हात. करंगळी पांढरी पाचवर ठेवून, ती न हलवता वरची बोटं एकेक करून वाजवायची, आधी सुटी, मग लिहिल्याप्रमाणे. तळहाताखाली पोकळी राहते का बघा. ती कोसळत असेल तर करंगळी आडवी पडली आहे, टोकावर उभी करा. तिसऱ्या दिवशी उजवा हात, पण आधी चाल गाऊन. जिथे श्वास घ्यावासा वाटेल तिथे पेन्सिलीने स्वल्पविराम. या खुणा बहुतेक छापील वक्ररेषांच्या शेवटाशी जुळतात. जुळल्या नाहीत तर छापील रेषा प्रमाण. रेषेचा शेवटचा सूर हळू आणि मनगट वर उचलत सोडायचा. तो ठोकला की ओळ मोडते. ‘कंटाळवाणं’ वाजण्याचं निम्मं कारण इथेच सापडेल.

चौथ्या-पाचव्या दिवशी मधले आठ बार. इथे डावा हात तुटक होतो आणि उजवा मात्र जोडूनच राहतो. दोन हातांना दोन वेगळ्या सवयी एकाच वेळी सांभाळायच्या आहेत. हमखास चूक अशी की डाव्याचं पाहून उजवाही तुटक होतो. उपाय : उजवा हात पट्ट्यांवर वाजवायचा आणि डावा टेबलावर नुसता टिचवायचा. दहा वेळा. मग अदलाबदल, उजवा टेबलावर, डावा पट्ट्यांवर. मग दोन्ही पट्ट्यांवर.

शेवटच्या दोन दिवसांत सगळं सलग, मेट्रोनोम पाव सुराला (क्वार्टर नोटला, इथे एका मात्रेला) मिनिटाला 60 ठोक्यांवर. त्याहून हळू केलं तर ओळ एका श्वासात बसत नाही. 72 पर्यंत न्या, पुढे नको. चाल परत येते तेव्हा ती पहिल्यापेक्षा थोडी हळुवार हवी. तीच ओळ त्याच जोराने तिसऱ्यांदा ऐकली की ऐकणाऱ्याचं लक्ष सुटतं.

प्रश्न : चायकोव्हस्कीच्या अल्बममधलं ‘गोड स्वप्न’ वाजवताना पेडल घेतला की सगळा गोंधळ, नाही घेतला तर सूर तुटतात. – तुमसर (जि. भंडारा)

उत्तर : पाय हाताबरोबर खाली जातोय, म्हणून गोंधळ. पाय नेहमी सुराच्या मागून जातो. नवा खालचा सूर वाजतो त्याच क्षणी पाय वर यायचा आणि सूर वाजून झाल्यावर पुन्हा खाली. यासाठी रचना बाजूला ठेवून एक सराव करा. संथ चार मात्रा मोजत कॉर्ड वाजवा, ‘एक’ला हात खाली, पाय वर, ‘दोन’ला पाय खाली, ‘तीन’, ‘चार’ धरून ठेवा, पुढच्या ‘एक’ला नवा कॉर्ड आणि पाय वर. हे डोळे मिटून जमलं की रचनेत उतरवा, खालचा सूर बदलेल तिथेच पेडल बदलून. मधल्या भागात चाल डाव्या हाताकडे जाते. तिथे पेडल जास्त वेळा बदलावा लागतो, कारण खालच्या सप्तकातले सूर लवकर एकमेकांवर चढतात.

पेडल उलटा चालत असेल, म्हणजे पाय उचलला की सूर लांबत असेल, तर बहुतेक कीबोर्ड सुरू करताना पाय पेडलवर होता. कीबोर्ड बंद करा, पाय काढा, पुन्हा सुरू करा. फरशीवर पेडल सरकतो. खाली रबरी चटईचा तुकडा टाका.

प्रश्न : नात चायकोव्हस्कीच्या अल्बममधली ‘बाहुलीचा आजार’ वाजवते. पुढची रचना ‘बाहुलीची अंत्ययात्रा’ आहे. घरात लहान मुलीने असं काही वाजवावं हे आमच्या मंडळींना पटत नाही. वगळावं का? – अचलपूर (जि. अमरावती)

उत्तर : वगळलं तर शिक्षणात खंड पडत नाही. त्यातला धडा म्हणजे संथ लयीतला तुटका-लांब ठेका आणि एकदम पडणारे कॉर्ड. यातले कॉर्ड ‘सकाळची प्रार्थना’मध्येही मिळतात. घरच्यांच्या मनाविरुद्ध मुलीला बसवून काही वाजवून घेणं बरं नाही.

पण निर्णय घेण्याआधी प्रचलित आवृत्त्यांतला क्रम बघा. आजार, अंत्ययात्रा, मग वॉल्ट्झ आणि त्याला लागून ‘नवी बाहुली’. शेवटची रचना धाप लागल्यासारख्या छोट्या छोट्या तुकड्यांची आहे, आनंदाने बोलताना शब्द अडखळावेत तशी. चारही लागोपाठ पाच-सहा मिनिटांत होतात. घरच्या मंडळींना एकदा त्या सलग ऐकवा आणि मग ठरवा. खेळण्यातलं मोडणं-गमावणं मुलांच्या जगात खरंच असतं. चायकोव्हस्कीने ते मोठ्यांच्या दुःखाइतक्याच मनापासून लिहिलं आहे, आणि हा अल्बम इतकी वर्षं टिकला त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे असं आम्हाला वाटतं.

‘आजार’बद्दल एक सूचना : त्यात तीन थर आहेत, वर चाल, खाली आधाराचा सूर, मध्ये कॉर्ड. मधला थर सगळ्यात हळू हवा. बहुतेक मुलांचा तोच सगळ्यात मोठा वाजतो, कारण तो अंगठ्यांच्या वाट्याला येतो.

प्रश्न : कीबोर्डचे दोन-तीन सूर कितीही हळू दाबले तरी ओरडतात, एक कधी वाजतो कधी नाही. हळू वाजवायची रचना वाजवताच येत नाही. – पांढरकवडा (जि. यवतमाळ)

उत्तर : धूळ आहे, आणि तुमच्या भागात जिनिंगच्या हंगामातली कापसाची तूसही. टच असलेल्या कीबोर्डमध्ये प्रत्येक पट्टीखाली रबराच्या टोपीत दोन संपर्क असतात. पट्टी खाली जाताना एक आधी लागतो, दुसरा नंतर. मधला वेळ कमी म्हणजे पट्टी जोरात दाबली, असं यंत्र धरतं. एका संपर्काखाली कचरा बसला की ही वेळ चुकीची मोजली जाते आणि सूर ओरडतो. संपर्क लागलाच नाही तर सूर गप्प बसतो.

वॉरंटी संपली असेल तर गावातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून हे होऊ शकतं. अडॅप्टर आणि सेल काढायचे, खालचे स्क्रू काढून पट्ट्यांचा सांगाडा सोडवायचा, रबराच्या लांब पट्ट्या अलगद उचलायच्या. खालच्या सर्किटवरचे काळे ठिपके आणि रबराच्या टोपीतले काळे ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने हलक्या हाताने पुसायचे, पूर्ण वाळू द्यायचे. पेट्रोल, थिनर, सॅनिटायझर वापरू नका. रबर बसवताना त्याची बोंडं भोकांत पूर्ण गेली नाहीत तर शेजारचेही सूर बिघडतात. स्क्रू कमी-जास्त लांबीचे असतात, कुठला कुठून काढला ते कागदावर मांडून ठेवा.

पुढे हे होऊ नये म्हणून वाजवून झाल्यावर सुती कापड घाला. प्लास्टिकखाली पावसाळ्यात ओल धरते. बहुतेक कीबोर्ड 40 अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी बनवलेले असतात. एप्रिल-मेमध्ये टिनाच्या छपराखाली दुपारी तापमान याच्या पुढे जातं, तेव्हा कीबोर्ड आतल्या, भिंतीकडच्या खोलीत हलवा.

प्रश्न : या रचनांच्या झेरॉक्स वाटल्या तर कायद्याने चालतं का? – ब्रह्मपुरी (जि. चंद्रपूर)

उत्तर : भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. चायकोव्हस्की (मृत्यू 1893), माइकापार (1938), प्रोकोफिएव्ह (1953), ग्रेचानिनोव्ह (1956) आणि गेदिके (1957) यांच्या मूळ रचना इथे मुक्त आहेत. शोस्ताकोविच (1975), खाचातुरियान (1978) आणि काबालेव्हस्की (1987) यांच्या नाहीत. त्यांची पुस्तकं विकत घ्यावीत. मुक्त रचनेचीही जुनी आवृत्ती वापरा, कारण नव्या आवृत्तीतल्या संपादनावर वेगळा हक्क असू शकतो.

प्रश्न : पोरगा ‘विदूषक’ वाजवते वेळी सारखा घाई करून राहिला. हळू म्हटलं की दोन ओळी हळू, पुन्हा तेच. – मूर्तिजापूर (जि. अकोला)

उत्तर : ‘हळू’ म्हणून तो थांबणार नाही, कारण घाई बोटांत आहे. पाव मात्रेचे स्वर लागोपाठ आले की कमकुवत बोटं एकमेकांवर कोसळतात आणि पुढचा ठोका लवकर येतो. डावा हात पूर्ण वाजवू द्या आणि उजव्याने प्रत्येक बारचा फक्त पहिला सूर. तबल्याच्या अ‍ॅपवर केरवा संथ लावा. हे डळमळलं नाही की उजव्याचा पहिला गट भरा, बाकी रिकामं. मग दुसरा. सूर भरले जातील तसा केरवा जागचा हलता कामा नये. सगळं भरून झाल्यावर लय दर दिवशी मिनिटाला 4 ठोक्यांनी वाढवा. ज्या दिवशी अडखळेल त्या दिवशी 8 ने मागे. झोपण्यापूर्वीची शेवटची खेप नेहमी संथ लयीत असावी.

प्रश्न : स्नेहसंमेलनात मुलीला पाच मिनिटं मिळाली आहेत. काय वाजवावं आणि कीबोर्ड माइकवर कसा घ्यावा? – देवरी (जि. गोंदिया)

उत्तर : ‘लाकडी शिपायांचा मार्च’, ‘जुनं फ्रेंच गाणं’ आणि शेवटी ‘विदूषक’. प्रत्येकी साधारण मिनिटभर, तिन्हींचा स्वभाव वेगळा. मार्च हळू आवाजातच सुरू करायचा. शिपाई लाकडाचे, खेळण्यातले आहेत. मंडपातला गोंगाट ऐकून मुलं तो बडवतात आणि मग पुढच्या दोन रचनांना आवाज वाढवायला जागा उरत नाही.

कीबोर्डच्या स्पीकरसमोर माइक धरू नका, मंद्र सप्तक नाहीसं होतं आणि शिट्टी येते. हेडफोनच्या किंवा लाइन आउटच्या भोकातून वायर काढून साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये लाइनला द्या. कीबोर्डचा आवाज तीन-चतुर्थांशावर, बाकी मिक्सरवर. हेडफोनचं भोक वापरलं की बहुतेक कीबोर्डचे स्वतःचे स्पीकर बंद होतात, त्यामुळे एक स्पीकर मुलीकडे वळवून ठेवायला सांगा. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही तर ती जोरात दाबायला लागेल. साउंडवाल्याला एको पूर्ण बंद करायला सांगा, मार्चचे तुटक सूर त्यात वाहून जातात.

वाजवण्याआधी तपासा : ट्रान्सपोज शून्य, टच चालू, स्टाइल बंद, आपोआप बंद होण्याची सोय काढलेली. अडॅप्टर लावला तरी नवे सेल आत घाला, वीज गेली तर वादन थांबणार नाही. बऱ्याच छोट्या कीबोर्डना 6 पेन्सिल सेल लागतात. आणि शाळेची खुर्ची आदल्या दिवशी जाऊन मोजा. ती हमखास बुटकी असते. घरची उशी बरोबर न्या.